सात नंबरचं स्टूल

१

शुक्रवारी सकाळी पावणेसातला, कारखान्याच्या मागच्या आवारात फुटक्या काचेच्या ढिगावर एक स्टूल सापडलं. ते कुणी फेकलेलं नव्हतं, नीट सरळ उभं करून ठेवलेलं होतं. स्टुलाला निळ्या चिंध्यांची गादी शिवलेली होती आणि गादीच्या बरोबर मधोमध एक पितळी बिल्ला होता.

सुरक्षारक्षकानं एचआरच्या मॅडमना फोन लावला. चोरी झाली तर पोलिस, आग लागली तर बंब आणि काय झालंय तेच कळत नसेल तर एचआर, असा त्या बाटल्यांच्या कारखान्याचा अलिखित नियम होता. मॅडमना त्या खुर्चीत नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, ‘दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, बरं आहे तुझं.’ मॅडम हसून सोडून द्यायच्या, कारण त्यात खोटं असं काही नव्हतं.

ढिगाजवळ पोचल्यावर मात्र त्यांना हसू आलं नाही. हे स्टूल तपासणी विभागातलं होतं. तिथं बाराजणी एका ओळीत पांढऱ्या उजेडाच्या फळीसमोर बसायच्या, पुढून पट्ट्यावरून बाटल्या सरकायच्या आणि केसाएवढी चीर दिसली तरी बाटली उचलून बाजूला टाकायची. आठ तास बसायचं म्हणून प्रत्येकीनं आपापली गादी शिवली होती. निळी गादी सात नंबरची, म्हणजे घारीची. डोळे घारे म्हणून घारी, आणि नजरही अशी की तिच्या पुढून सुटलेली चीर अजून कुणी पाहिली नव्हती.

बिल्ला कुठला हेही मॅडमना सांगावं लागलं नाही. तपासणी विभागात बाराजणींना मिळून तो एकच होता. ज्या बाईला बाथरूमला जायचं असेल तिनं फोरमनच्या टेबलापाशी जाऊन तो मागायचा. मग फोरमन सगळ्यांच्या देखत विचारायचा, ‘किती वेळ लागेल?’ आणि वहीत गेल्याची वेळ लिहायचा, आल्याची वेळ लिहायचा. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना ती वही मोठ्यानं वाचायचा. शाळेतल्या हजेरीसारखी वाचायचा म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. या वाचनाच्या धास्तीनं बायकांनी कामावर पाणी प्यायचंच सोडलं होतं.

घारीला मूत्रपिंडाचा आजार जडला आणि सोमवारी तिनं मॅडमकडे लेखी तक्रार दिली. देताना एकच अट घातली होती, नाव बाहेर जाता कामा नये. मॅडमनी शब्द दिला होता.

आणि आज चौथ्या दिवशी तिचं स्टूल कचऱ्याच्या ढिगावर होतं.

२

घारी मॅडमच्या केबिनमध्ये बसली ती खुर्चीच्या कडेवर. रडली नाही. रडली असती तर मॅडमना काय करायचं ते ठाऊक होतं.

“कुणाला बोलली होतीस का?” मॅडमनी हळूच विचारलं. “घरी? नणंदेला?”

नणंद त्याच ओळीत आठ नंबरला बसायची.

“नवऱ्यालासुद्धा नाही सांगितलं, मॅडम. त्याला वाटतं, डॉक्टरच्या गोळ्यांनी बरं वाटतंय. तुम्हाला सोडून कुणालाच नाही.”

“मी शोधून काढते.”

“काढा,” घारी म्हणाली. “पाचपर्यंत काढा. कुणी फोडलं तेवढंच मला सांगा. मग मी तक्रारीवर उभी राहते, तक्रार समितीपुढं बोलते, मास्तरच्या तोंडावर बोलते. त्या एका माणसाशी बोलणार नाही, बाकीच्यांबरोबर काम करीन. पण कोण ते कळलंच नाही, तर मी रोज अकराहीजणींकडे संशयानं बघत कशी बसू? मला बाटल्या बघायच्या असतात.”

“आणि पाचपर्यंत नाही कळलं तर?”

“तर तक्रार मागं घेते आणि नोकरीही सोडते. दोन्ही कागद आजच द्या.”

ती उठून गेली. घारी गेली की तक्रार गेली, आणि तक्रार गेली की तो बिल्ला पुन्हा मास्तरच्या खिळ्यावर लटकणार, एवढं मॅडमना स्वच्छ दिसत होतं.

तसं पाहिलं तर मॅडमनी या वेळी काळजीत काही कसर ठेवली नव्हती. तक्रार पाकिटात घालून चिकटवली होती, जोडावर आडवी सही केली होती, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती. चौकशी कुणा एकीवरून सुरू झाली असं दिसू नये म्हणून बुधवारी बाराहीजणींना एकामागून एक केबिनमध्ये बोलावलं होतं. कामाच्या जागेबद्दल गप्पा, असं कारण सांगितलं होतं. घारीला मुद्दाम मधे कुठंतरी बोलावलं, पहिलीही नाही आणि शेवटचीही नाही. ज्याला त्रास झालाय त्याला तेच तेच पुन्हा उगाळायला लावू नये हे त्या प्रशिक्षणात शिकल्या होत्या, म्हणून तिच्या हातात चहा दिला, पाठीवर हात ठेवला आणि जा म्हणाल्या. आपल्या या युक्तीचं त्यांना मनातल्या मनात थोडं कौतुकही वाटलं होतं.

त्यांनी कपाट उघडलं. पाकीट जागच्या जागी होतं. आडवी सही जशीच्या तशी, चिकटवलेला जोड कुठंही सुटलेला नव्हता. म्हणजे कागदावरून कुणाला काही कळलेलं नव्हतं.

मग जिभेवरूनच कळलं असणार.

३

डायरेक्टर साहेबांना पहिल्यापासूनच उत्तर सापडलेलं होतं.

“तुमचे ते शिक्केकाका,” ते म्हणाले. “ते आणि मास्तर साडू आहेत, ठाऊक आहे ना? दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. रविवारी एकाच ताटात जेवतात. आता यात शोधायचं ते काय?”

शिक्केकाका म्हणजे मॅडमच्या हाताखालचे कारकून. कुठल्याही कागदावर तिरका शिक्का उठला तर त्यांना जेवण जात नसे.

“काकांना मी नाव सांगितलंच नव्हतं, साहेब. ते मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.”

“मला? मी कुणाला कशाला सांगू?” साहेब दुखावले. “त्या पॅकिंगवाल्या बाईशी माझं काय देणं-घेणं?”

मॅडमनी मान खाली घातली. घारी पॅकिंगमध्ये नव्हती, कधीच नव्हती. साहेबांना तक्रार कुणाची हे मंगळवारी सांगितलं होतं आणि ते त्यांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यानं निघूनही गेलं होतं. ज्याला नाव आठवतच नाही तो ते फोडणार तरी कसं? एवढी मोठी खात्री पटली आणि मॅडमना तिचा आनंद काही झाला नाही.

“हे बघा,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “तिला एक नाव हवंय ना? काकांचं सांगून टाका. तिचं समाधान होईल, तक्रार टिकेल, मीही मास्तरला समज देईन. काकांची बदली गोदामात करू. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत त्यांचे, काढतील तिथं.”

“काकांनी केलं नसलं तर?”

“मग तुम्ही दुसरं नाव आणा. पाचपर्यंत.”

मॅडमनी केबिनमध्ये येऊन समितीवरच्या बाहेरच्या सदस्य होत्या त्या वकीलबाईंना फोन लावला. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“माझ्याकडे नाव आलंच कुठं?” त्या म्हणाल्या. “तुम्ही पाठवलेल्या कागदावर ‘तक्रारदार क्रमांक एक’ एवढंच आहे. बाई आहे का बुवा, तेही मला माहीत नाही.”

आता काकाच उरले. त्यांना विचारायचं मॅडमच्या जिवावर आलं होतं, पण विचारायचं हेच तर काम होतं. काका आले, उभेच राहिले, आणि प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“मॅडम, सोमवारी तुम्ही दार लावून घेतलंत. आत कोण होतं ते मी बघितलंही नाही. मी तेव्हा रजेच्या अर्जांवर शिक्के मारत होतो, खिडकीकडं तोंड करून. तुमचं दार लागलं की मी खिडकीकडं तोंड करतो. नऊ वर्षं करतोय.”

हे खरं होतं. मॅडमनी ते रोज पाहिलं होतं आणि आजवर त्याचा अर्थ त्यांच्या लक्षात आला नव्हता.

“मला माफ करा, काका. मला विचारावं लागलं.”

“हो, विचारावं लागतं,” काका म्हणाले. “साडू आहे ना तो माझा.” ते बाहेर गेले. थोड्या वेळानं शिक्क्यांचा आवाज सुरू झाला, तोही नेहमीपेक्षा हळू.

घड्याळात दीड वाजला होता. नाव फार तर या तिघांपर्यंत पोचू शकत होतं, आणि तिघांपैकी कुणीही ते उच्चारलेलं नव्हतं.

४

जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडम ओळीतल्या एक नंबरच्या मावशींकडे गेल्या. मावशी सगळ्यांत जुन्या. हात धुण्याच्या जागेपाशी दोघीच होत्या, तरी मावशी नळ चालू ठेवून बोलत होत्या.

“स्टूल कुणी नेलं, मावशी?”

मावशींनी बराच वेळ हात चोळले. “नेलं सगळ्यांनी.”

“सगळ्यांनी म्हणजे?”

“आज लवकर आलो. अकराजणी. एकेकीनं हात लावला. तिच्या नणंदेनंपण लावला, तिला लावायलाच लावला आम्ही.” मावशींचा आवाज कोरडा होता. “असं बघू नका, मॅडम. एकीनं लिहिलं की सगळ्या ओळीवर येतं. अकराजणींना वाचायचं असेल तर आम्ही तिच्यातल्या नाही हे दिसायला पाहिजे ना? मास्तरना दिसायला पाहिजे.”

“तिच्यासाठी नव्हतं लिहिलेलं ते. तुम्हा सगळ्यांसाठी होतं. बुधवारी मी तुम्हा प्रत्येकीला विचारलं, काही त्रास आहे का. वीस-वीस मिनिटं बसलात आणि सगळ्यांनी कानावर हात ठेवलेत.”

“ठेवले. तुम्ही सहा वाजता घरी जाता. आम्ही त्याच्यासमोर बसतो.”

मॅडमनी मूळ प्रश्नाकडे वळायचं ठरवलं.

“ती घारीच आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी?”

“कुणीच नाही.”

“मावशी.”

“लेकरांची शपथ. कुणी एक शब्द बोललं नाही. बुधवारी सगळ्यांना बोलावलंत तेव्हाच कळलं होतं, कुणीतरी लिहिलंय. काल सकाळी मास्तरांनी वही वाचली, रोजच्यासारखी. वाचता वाचता एका जागी थांबले. वर बघितलं. पुन्हा तोच आकडा वाचला, आणि पुढं गेले. बस्स, एवढंच झालं. आम्हाला कळलं.”

“कुठला आकडा?”

मावशींनी नळ बंद केला. “वही आहे ना तिथं. तुम्ही एचआर आहात, तुम्हाला वाचता येते.”

५

मास्तर चाळिशीतला, शांत, इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता. आवाज कधी चढवायचा नाही. मॅडमनी वही मागितल्यावर त्यानं ती दोन्ही हातांनी पुढं केली आणि बसायला खुर्चीही दिली.

मॅडमनी बुधवारचं पान काढलं. प्रत्येक बाई ओळीतून उठली की तिची वेळ लिहायची हा मास्तरचा शिरस्ता, मग ती बाथरूमला जावो नाहीतर एचआरच्या केबिनमध्ये. बुधवारी बाराहीजणी केबिनमध्ये येऊन गेल्या होत्या आणि बाराहीजणींच्या वेळा सुंदर अक्षरात लिहिलेल्या होत्या. मॅडमनी बोट ठेवत खाली खाली वाचलं.

एक नंबर, तेवीस मिनिटं. दोन नंबर, एकवीस. पाच नंबर, पंचवीस. नऊ नंबर, बावीस. एकही वीसच्या खाली नव्हती.

सात नंबर, सहा.

मॅडमचं बोट तिथंच राहिलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, मास्तरची लिहिण्यात चूक झाली असेल. मग बुधवारची दुपार त्यांना जशीच्या तशी आठवली. बाकीच्यांना वीस मिनिटं लागली कारण त्यांना विचारायचं होतं. घारीला काही विचारायचं नव्हतं, कारण तिनं सोमवारीच सगळं सांगितलं होतं. तिला पुन्हा त्रास नको म्हणून चहा दिला आणि सोडून दिलं. चहा प्यायला सहा मिनिटं लागतात. जिला काहीच विचारावं लागत नाही ती आधीच बोललेली असते, हे समजायला मास्तरचे कान कुणी फुंकायची गरज नव्हती.

पाकीट, सही, किल्ली, सगळं जागच्या जागी होतं. नाव मॅडमनीच फोडलं होतं, माया केली तेव्हा.

“काल हे वाचताना तुम्ही थांबलात,” त्या म्हणाल्या.

“थांबलो असेन,” मास्तर म्हणाला. “आकडा वेगळा दिसला. चुकून सव्वीसचे सहा लिहिले की काय म्हणून पुन्हा वाचला. वेगळं दिसलं की थांबायचं, हेच तर शिकवतो मी त्यांना बाटल्यांच्या बाबतीत.”

“तुम्ही तिला धमकावलंत.”

“मी? मी तिच्याशी बोललोसुद्धा नाही, मॅडम. कुणालाही विचारा. वही वाचायचा नियम आहे, मी वही वाचली. स्टुलाला मी हात लावलेला नाही. मी साडेसातला येतो, गेटवर नोंद असेल.” तो थोडा पुढं झुकला. “माझ्यावर कसला आरोप ठेवताय ते तेवढं लिहून द्या. मी लेखी उत्तर देईन.”

मॅडमनी मनातल्या मनात लिहून पाहिलं. आकडा वाचला. वर बघितलं. पुन्हा वाचला. यातलं काय आरोपपत्रात घालणार? नऊ वर्षांत त्यांनी कितीतरी आरोपपत्रं लिहिली होती, आणि इतकं चोख काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी वही मिटली, टेबलावर ठेवली आणि त्या निघाल्या.

साडेचारला साहेबांचा निरोप आला, काकांचा बदलीचा कागद तयार आहे, फक्त सही हवी.

६

पाचला घारी आली. या वेळी नीट टेकून बसली, जसं काही सामान बांधून झाल्यावर माणूस बसतं.

मॅडमच्या टेबलावर काकांच्या बदलीचा कागद होता. एक नाव सांगायचं होतं. सांगितलं असतं तर घारी राहिली असती, तक्रार राहिली असती, समितीपुढं मास्तरला उत्तर द्यावं लागलं असतं आणि कदाचित तो बिल्ला कायमचा बंद झाला असता. बाराजणींना पाणी पिता आलं असतं. एका म्हाताऱ्या माणसाचे चौदा महिने गोदामात गेले असते, एवढीच किंमत होती. बाहेर काका खिडकीकडं तोंड करून बसले होते.

“मी फोडलं,” मॅडम म्हणाल्या.

घारीला समजलं नाही. मग मॅडमनी तिला सगळं सांगितलं, तेवीस, एकवीस, पंचवीस आणि सहा. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. बोलताना त्यांचा आवाज दोनदा फाटला आणि त्यांना त्याची लाज वाटली, कारण रडायचा हक्क या खोलीत समोरच्या खुर्चीतल्या माणसाचा असतो.

घारी ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर म्हणाली, “बुधवारी तुम्ही मला काही विचारलं नाहीत ना, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. किती दिवसांनी कुणी नुसतं बसू दिलं होतं.”

“तू म्हणाली होतीस, कोण ते कळलं की राहशील,” मॅडम म्हणाल्या. हे बोलणं किती केविलवाणं आहे ते त्यांना बोलतानाच कळत होतं. “माझ्याशी बोलू नकोस. मी समितीतून बाहेर पडते, वकीलबाई बघतील सगळं. पण तू राहा.”

“दुसरं कुणी असतं तर राहिले असते. नणंद असती तरी राहिले असते, तिच्याशी दोन वर्षं अबोला धरला असता.” घारी थांबली. “पण निघालात तुम्ही. आता पुढच्या वेळी काही झालं तर मी कुणाच्या केबिनमध्ये जाऊ?”

माणसांशी कसं बोलावं याची चार प्रमाणपत्रं मॅडमच्या मागच्या भिंतीवर टांगलेली होती.

घारीनं दोन्ही कागद पुढं ओढले. तक्रार मागं घेतल्याच्या कागदावर सही केली. नोकरी सोडण्याच्या कागदावर एक रकाना होता, सोडण्याचं कारण.

“इथं खरं लिहिलं तर काय होतं?” तिनं विचारलं.

मॅडमनी खोटं सांगितलं नाही. “फाइलला लागतं. आणि दुसरीकडं नोकरी मागायला गेलीस तर ते इथं फोन करून विचारतात.”

“बाकीच्या काय लिहितात?”

“वैयक्तिक.”

घारीनं ‘वैयक्तिक’ लिहिलं आणि कागद मॅडमकडे सरकवला. खाली एचआरनं भरायचा भाग होता. कर्मचाऱ्याची एखादी तक्रार प्रलंबित आहे का? मॅडमनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि ‘नाही’ लिहिलं. आता ते खरंच होतं. खाली केलेली सही नेहमीसारखीच आली.

काकांनी आत येऊन दोन्ही कागदांवर शिक्के मारले, एका शब्दानंही काही विचारलं नाही. बदलीचा कागद त्यांना दिसला असावा. मॅडमनी तो त्यांच्यादेखतच फाडला, पण काका तोवर वळून दाराकडं निघाले होते.

घारी उठली. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती क्षणभर थांबली, काहीतरी कामाचं सांगायचं राहून गेल्यासारखी.

“मॅडम, पुढं कधी आलीच कुणी तुमच्याकडं, तर तिलाही बाकीच्यांइतकाच वेळ बसवून ठेवा. हवं तर काही विचारू नका. नुसतं बसवून ठेवा.”

आता इथं कुणी येणार नव्हतं हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी मॅडम हो म्हणाल्या.